सॅल्फर्डची साखळी आणि विजेची सायकल

#थ्रेड

१/ विजेची सायकल चढ चढत असते. अचानक 'खट्ट' असा आवाज येतो, पॅडल क्षणभर पोकळ होते आणि पाय पुढे निसटतो. संशय प्रथम मोटरवर जातो. दोष मात्र बहुधा १८८० साली आकाराला आलेल्या एका साध्या यंत्रभागात असतो. त्याचा हा इतिहास.

२/ मँचेस्टरच्या परिसरात कापड गिरण्यांच्या यंत्रांना साखळ्या लागत. शेजारच्या सॅल्फर्डमधील जेम्स स्लेटर यांचा साखळ्यांचा व्यवसाय १८७९ मध्ये हान्स रेनॉल्ड या स्विस अभियंत्याने विकत घेतला. जुन्या साखळीत पिनेचा भार बाजूच्या पातळ पट्ट्यांवर येई आणि भोके झिजत. रेनॉल्ड यांनी पिनेवर पोकळ नळी, म्हणजे बुश, बसवला आणि बुशवर फिरता रोलर. भार बुशच्या पूर्ण लांबीवर पसरला. झीज मंदावली; थांबली मात्र नाही.

३/ तोवर उंच सायकलीचे पॅडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले असे. वेग वाढवायचा तर चाकच मोठे करावे लागे, आणि पडणे जिवावर बेतत असे. १८८५ मध्ये कोव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्ली यांच्या 'रोव्हर'ने साखळीने मागचे चाक फिरवले आणि दोन्ही चाके जवळपास सारखी झाली. १८८८ मध्ये किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचे दुकान थाटले. त्यांच्या उद्योगाचा आरंभ तोच.

४/ विजेची सायकलही वाटते तितकी नवी नाही. १८९५ च्या ऑग्डेन बोल्टन यांच्या अमेरिकी पेटंटात मोटर मागच्या चाकाच्या तुंब्यात होती. १८९७ च्या होझिया लिबी यांच्या पेटंटात ती पॅडलच्या आसाशी होती. आजचे दोन मुख्य प्रकार हेच. १९९३ मध्ये जपानच्या यामाहाने पॅडलला साथ देणारी सायकल बाजारात आणली, तीही मोटर पॅडलपाशी ठेवूनच.

५/ हा भेद निदानात कळीचा ठरतो. तुंब्यातील मोटर चाक थेट फिरवते; साखळीवर केवळ पायाचा जोर येतो. पॅडलपाशी असलेल्या मोटरचा जोर मात्र पायाच्या जोरात मिळून त्याच साखळीतून मागे जातो. सामान्य माणूस दीर्घकाळ सुमारे १०० वॅट शक्ती देतो. युरोपीय नियमांत मोटरची अखंड शक्ती २५० वॅटपर्यंत चालते. साध्या सायकलीच्या मापाने घडलेल्या साखळीवर हा अधिकचा भार पडतो.

६/ 'चेन ताणली' असे म्हणतात, पण पोलाद रबरासारखे ताणले जात नाही. प्रत्येक सांध्यात पिन आणि तिची बैठक किंचित झिजते. शंभराहून अधिक सांध्यांची झीज मिळून साखळी लांबते. मोजणी सोपी आहे. साखळी ताठ धरून एका पिनेच्या मध्यापासून चोविसाव्या पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजावे. नव्या साखळीत हे अंतर ३०४.८ मिलिमीटर भरते. ३०६.३ म्हणजे अर्धा टक्का वाढ: अनेक गिअरांच्या सायकलीत साखळी बदलण्याची वेळ जवळ आली. ३०७.८ म्हणजे एक टक्का: तोवर दातेही बहुधा झिजलेले असतात.

७/ घसरणीचे स्वरूप दोष सांगते.
• नवी साखळी घातल्यावर एखाद-दुसऱ्या चक्रावरच घसरते: ते चक्र झिजले आहे. लहान चक्रावर कमी दात्यांत सारा भार येतो, म्हणून बहुधा तेच आधी जाते.
• ठराविक अंतराने एकच झटका: एखादी कडी ताठरली आहे.
• साखळी जागेवर असूनही पॅडल पोकळ फिरते: फ्रीव्हीलच्या आतल्या खिट्या धरत नाहीत.
• तुंब्यातील मोटर घुमते, चाक हलत नाही: दोष मोटरच्या आतील दात्यांत किंवा क्लचमध्ये शोधावा, साखळी निर्दोष असू शकते.

८/ लांबलेली साखळी दात्यांना आकड्यासारखा आकार देते. मग त्यांवर नवी साखळी नीट बसत नाही आणि साखळीबरोबर चक्रेही बदलावी लागतात. वेळीच मोजलेले दीड मिलिमीटर हा खर्च वाचवतात. रेनॉल्ड यांनी झीज पुढे ढकलली. ती केव्हा आली हे ओळखणे आजही पट्टी हाती धरणाऱ्याकडेच आहे.