चाकांवरचें बिऱ्हाड

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, अशी म्हण मराठींत आहे. ज्याचा कोठें ठाव नाहीं, ज्याचें सारें चंबूगबाळें घटकाभरांत आवरून होतें, अशा मनुष्यास ती लावतात. तींत थोडी कीव असते व थोडी हेटाळणीही असते. परंतु गेल्या सव्वाशें-दीडशें वर्षांत पाश्चात्य देशांतील पुष्कळ लोकांनीं हें पाठीवरचें बिऱ्हाड आपण होऊन पत्करलें आणि त्यासाठीं चांगले पैसेही मोजले. निजण्याची, रांधण्याची व बसण्याची सोय असलेली लहानशी मोटार, म्हणजे मोटारघर, हें त्या हौसेचें फळ होय. मोटारघराचें इंजिन व चाकें यांचा इतिहास मोटारींच्या इतिहासांत येऊन जातो. येथें विचार करावयाचा तो त्याच्या अंतर्भागाचा. एका खाटेला पुरेल एवढ्या जागेंत सबंध संसार कसा मांडावा, हा प्रश्न सोडविण्यांत कारखानदारांइतकाच साध्यासुध्या मालकांचाही वाटा आहे.

या विद्येचे पहिले गुरु हौशी प्रवासी नव्हते. इंग्लंडांत जिप्सी या नांवानें ओळखले जाणारे रोमनी लोक एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुधा तंबूंत राहत. १८५० च्या सुमारास त्यांनीं घोड्यानें ओढावयाचीं लांकडी घरें वापरण्यास आरंभ केला. या लोकांचे पूर्वज सुमारें हजार वर्षांपूर्वीं हिंदुस्थानांतून पश्चिमेकडे गेले, हें त्यांच्या भाषेवरून ठरलें आहे. पाण्याला त्यांच्या भाषेंत 'पानी' असाच शब्द आहे. त्यांच्या गाडीस वार्डो म्हणतात. रेडिंग गांवच्या डंटन यांच्या कारखान्यांतील वार्डो विशेष नांवाजले गेले.

अशा गाडीची आंतील मांडणी पाहिली म्हणजे तींत एकही वस्तु उगीच ठेवलेली नाहीं, हें ध्यानांत येतें. दार पुढच्या अंगास असे. आंत शिरणाराच्या डाव्या हातास लोखंडी शेगडी असे. ती डावीकडेच कां? इंग्लंडांत वाहनें रस्त्याच्या डाव्या कडेनें जातात आणि झाडांच्या फांद्या त्याच कडेवर झुकलेल्या असतात. मागल्या बाजूस तोंड करून आंत येणाराची डावी बाजू ती गाडीची उजवी. त्यामुळें शेगडीचें धुराडें रस्त्याच्या मध्याकडे निघे व फांद्यांत अडकत नसे. मागल्या भिंतीस लागून आडवा पलंग असे. त्यावर आईबाप निजत, आणि त्याच्याखालच्या कपाटासारख्या पोकळींत मुलें निजत. घरधनी वारला म्हणजे त्याची गाडी त्याच्या चीजवस्तूंसह जाळून टाकण्याची चाल पुष्कळ घराण्यांत होती. ज्याच्या अंगाबरोबर घर बेतलें, त्याच्यामागून तें दुसऱ्यानें वापरावयाचें नाहीं, असा त्या चालीचा भाव दिसतो.

सुखवस्तु वर्गानें हें कसब उचललें तें १८८५ सालीं. डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स हे इंग्रजी आरमारांतून निवृत्त झालेले शस्त्रवैद्य व मुलांसाठीं साहसकथा लिहिणारे लोकप्रिय लेखक होते. त्यांनीं ब्रिस्टलच्या एका गाड्यांच्या कारखान्याकडून 'वाँडरर', म्हणजे 'भटक्या', या नांवाची गाडी बांधवून घेतली. महागनी लांकडाची ती गाडी दोन टनांच्या घरांत वजनाची होती व तिला दोन घोडे लागत. आंत पुस्तकांची मांडणी होती व वाद्यें होतीं. बरोबर गाडीवान होता. रस्ता मोकळा आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं एक नोकर तीनचाकी सायकलीवरून पुढें जाई. या थाटांत डॉक्टरांनीं ट्वायफर्ड गांवाहून स्कॉटलंडमधील इन्व्हरनेसपर्यंत प्रवास केला आणि १८८६ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें १९०७ सालीं असल्या गाड्यांच्या हौशी मालकांची एक संस्था इंग्लंडांत निघाली. ती आजही चालू आहे. रोमनी कुटुंबाची गाडी दिसली कीं गांवकरी व पोलीस तिला पुढें हांकीत. डॉक्टरांची गाडी मात्र कौतुकाचा विषय झाली. घर तेंच, चाकें तींच. भेद होता तो मालकाच्या सांपत्तिक स्थितीचा. हा भेद पुढील साऱ्या इतिहासांत पुनःपुन्हा भेटतो.

मोटारीचें युग आलें तेव्हांही आरंभ श्रीमंतीनेंच झाला. १९१० सालीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील प्रदर्शनांत पिअर्स-ॲरो कंपनीनें प्रवासासाठीं खास बांधलेली गाडी मांडली. तिच्या मागील आसनाचा पलंग होई, हात धुण्याचें भांडें चालकाच्या आसनामागून खालीं उघडे आणि मालकास चालकाशीं बोलण्यासाठीं दूरध्वनि होता. सामान्य अमेरिकन मनुष्यास असली गाडी घेणें अशक्य होतें. परंतु फोर्डची मॉडेल टी गाडी १९०८ पासून निघत होती व ती त्याच्या आटोक्यांत आली होती. तिच्या सांगाड्यावर फळ्या, ताडपत्री व पत्रे यांचें घर लोक आपल्या अंगणांत स्वहस्तें उभारूं लागले. अशा प्रवाशांनीं १९१९ सालीं फ्लॉरिडांतील टँपा येथें एक मंडळ स्थापिलें. डबाबंद अन्नाचा रिकामा पत्र्याचा डबा मोटारीच्या पाण्याच्या टांकीच्या झांकणावर बसविणें ही त्यांची खूण. यावरून 'टिन कॅन टूरिस्ट' असेंच नांव त्यांनीं घेतलें. हिणवण्यासारखी वस्तु त्यांनीं मानचिन्ह म्हणून मिरविली.

तथापि ज्या गाडीनें लहान मोटारघरास आजचें रूप दिलें ती जर्मनींत जन्मली. दुसऱ्या महायुद्धानंतर तो देश उद्ध्वस्त झाला होता. वुल्फ्सबुर्गच्या फोक्सवॅगन कारखान्यांत कामगारांनीं सामान नेण्यासाठीं एक ओबडधोबड गाडी बनविली होती. ती पाहून बेन पॉन या डच व्यापाऱ्याला एका चौकोनी मालमोटारीची कल्पना सुचली व एप्रिल १९४७ मध्यें त्यानें ती आपल्या वहींत रेखाटली. मार्च १९५० पासून तशी गाडी तयार होऊं लागली. इंजिन मागें, चालक अगदीं पुढें आणि मध्यें मोकळी कोठी, अशी तिची रचना होती. साऱ्या गाडीची लांबी सुमारें सव्वाचार मीटर व रुंदी पावणेदोन मीटरांच्या आसपास होती.

या कोठींत घर मांडण्याचें काम वीडेनब्रुक गांवच्या वेस्टफालिया या जुन्या गाड्या बांधणाऱ्या कंपनीनें केलें. जर्मनींत असलेल्या दोस्त सैन्यांतील एका अधिकाऱ्यानें आपल्यासाठीं अशी एक गाडी सजवून मागितली, तीवरून पुढचा उद्योग वाढला असें सांगतात. १९५१ सालीं कंपनीनें विकावयास काढलें तें मोटारघर नव्हतेंच. ती होती एक पेटी. तिच्या आंत बसावयाच्या गाद्या होत्या, त्या पसरल्या कीं बिछाना होई. तिच्या जोडीला भांड्यांचें कपाट व रांधण्याची सोय होती. खिडक्यांस चौकड्यांचे पडदे होते आणि तोंड धुण्याची व्यवस्था दारावर टांगलेली होती. हें सारें उचलून बाहेर काढतां येत असे. यांतील मर्म त्या काळच्या दारिद्र्यांत आहे. नळकाम करणारा कारागीर किंवा लहान दुकानदार यांस दोन गाड्या परवडत नसत. सोमवारपासून शनिवारपर्यंत जी गाडी माल वाही, तीच रविवारीं कुटुंबास तळ्याकांठीं नेई. घर गाडींत बसविलेलें नव्हतें. तें गाडीला पाहुणें म्हणून येत होतें.

येथूनच अंतर्भागाची खरी विद्या सुरू होते. स्थिर घरांत जागेची वांटणी करतात. मोटारघरांत वेळेची वांटणी करावी लागते. जेथें सकाळीं चहा झाला तेथेंच दुपारीं लिहिणें व रात्रीं निजणें. म्हणून बांकाचा पलंग, मेजाची पलंगाची फळी व पायरीचें पेटाऱ्याचें झांकण अशीं दुहेरी कामें प्रत्येक वस्तूस लावलेलीं असतात. ज्या वस्तूस एकच काम आहे तिला आंत जागा मिळणें कठीण. कारखान्यांतील आंखणी 'चौघांचें कुटुंब' डोळ्यांपुढें ठेवून केलेली असते. परंतु प्रत्यक्ष मालक कधीं एकटा असतो, कधीं उंच असतो, कधीं वृद्ध दांपत्य असतें. म्हणून चार प्रवास झाले कीं मालक हातांत स्क्रूड्रायव्हर घेतो, आणि कोणतें कपाट उघडतांना पलंग उचलावा लागतो, तें आधीं हलवितो.

हे फेरफार नुसत्या सुतारकामानें होत नाहींत. एक लिटर पाण्याचें वजन एक किलोग्रॅम. पन्नास लिटरांची टांकी एका कडेला ठेवली तर गाडी त्या अंगास कलते, म्हणून जड वस्तु खालीं व आंसांच्या मध्यें ठेवावयाच्या. रांधण्याचा गॅस हवेपेक्षां जड असतो व गळला तर तळाशीं सांचतो, म्हणून त्याच्या कपाटाच्या तळाशीं बाहेर उघडणारें छिद्र ठेवणें अवश्य. बंद गाडींत ज्वलन झाल्यास कार्बन मोनॉक्साइड हा वासावांचूनचा प्राणघातक वायु सांचूं शकतो. निजलेल्या माणसांच्या श्वासांतील वाफ रात्रीं थंड पत्र्यावर दंवासारखी जमते आणि लांकडी अस्तर आंतून कुजवते. हवेस वाट ठेवणें हाच त्यास उपाय. दिव्यांसाठीं निराळी बॅटरी न ठेवल्यास रात्रभर उजेड मिळतो, परंतु सकाळीं इंजिन सुरू होत नाहीं. असे धडे वाहनाच्या मालकांनीं एकमेकांस शिकविले. १९६९ सालीं अमेरिकेंत जॉन म्यूर यांनीं फोक्सवॅगन गाडी घरच्या घरीं कशी दुरुस्त करावी याचें पुस्तक अगदीं अडाणी माणसासही समजेल अशा भाषेंत लिहिलें. त्याचा प्रसार फार झाला. गाडी ज्याच्या मालकीची, तिचें ज्ञानही त्याच्याच मालकीचें असावें, ही त्यामागील भूमिका होती.

इंग्लंडांत या कामीं कायद्यानेंही हात घातला. फोकस्टन गांवच्या मार्टिन वॉल्टर कंपनीच्या डॉर्मोबिल गाड्या तेथें घरोघर माहीत झाल्या. त्यांचें छप्पर एका कडेवर बिजागऱ्यांनीं बसविलेलें असे व उचलतांच पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची भिंत उभी राही. त्यामुळें आंत मनुष्यास ताठ उभें राहतां येई. साध्या मोटारीवर त्या वेळीं खरेदीकर असे, परंतु निजण्या-रांधण्याचीं साधनें पक्कीं बसविलेल्या मोटारघरास तो माफ असे. हा कर १९७३ सालीं रद्द झाला. म्हणजे कपाट व पलंग हे नुसते सोयीचे राहिले नाहींत. गाडी हें 'घर' आहे कीं नाहीं, हें सरकारदरबारीं त्यांवरून ठरूं लागलें.

याच कालखंडाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ब्रिटनमधील १९६० च्या कायद्यानें परवान्यावांचून अशा गाड्यांचे तळ ठेवण्यास बंदी झाली, आणि रोमनी लोकांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे मुक्काम बंद पडले. १९६८ च्या कायद्यानें त्यांच्यासाठीं जागा देण्याचें कर्तव्य स्थानिक संस्थांवर सोंपविलें; १९९४ सालीं तें कर्तव्यही काढून घेण्यांत आलें. हौशी प्रवाशांच्या गाड्यांस करमाफी होती त्याच काळांत ज्यांनीं ही विद्या शिकविली त्यांस उभें राहण्यास जागा उरली नाहीं. अमेरिकेंत २००८ च्या आर्थिक संकटानंतर घरें गमावलेलीं वृद्ध माणसें मोटारींत राहून हंगामी कामांमागें फिरूं लागलीं. त्यांची हकीकत जेसिका ब्रूडर यांनीं २०१७ सालीं पुस्तकरूपानें जगापुढें आणली. त्यांच्या गाड्यांतील बांकाचा पलंग व सहलीस निघालेल्या कुटुंबाच्या गाडींतील पलंग यांत सुताराला कांहींच फरक दिसला नसता.

जपानचें उदाहरण याहून बोलकें आहे. तेथील 'केइ' वर्गाच्या मोटारीची लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर व उंची २ मीटर यांहून अधिक असूं शकत नाहीं. इंजिनही ६६० घनसेंटिमीटरांच्या आंतलें लागतें. एवढ्या गाडींत मनुष्य आडवा निजूं शकत नाहीं, म्हणून पलंग लांबीच्या दिशेनें, पुढील आसन लववून, घालावा लागतो. असल्या चिमुकल्या मोटारघरांची हौस जपानांत मोठी आहे. परंतु २०१६ सालीं कुमामोतो येथें भूकंप झाला तेव्हां हजारों लोक भीतीनें आपापल्या साध्या मोटारींत निजले. पाय दुमडून, बसल्या स्थितींत रात्री काढल्यामुळें कित्येकांच्या पायांच्या शिरांत रक्त गोठलें व कांहींस मृत्यु आला. अंग सरळ पसरतां येईल अशी एक सपाट फळी ही चैन कीं गरज, याचा निर्णय त्या रात्रींनीं करून टाकला.

फोक्सवॅगनची ती जुन्या घडणीची गाडी ब्राझील देशांत डिसेंबर २०१३ पर्यंत तयार होत होती. सुरक्षिततेचे नवे नियम लागू झाले तेव्हां ती थांबली. वेस्टफालियाशीं असलेला संबंध फोक्सवॅगननें २००३ सालींच संपवून अंतर्भागाचें काम आपल्याच कारखान्यांत सुरू केलें. महाराष्ट्र शासनानेंही २०२१ सालीं अशा गाड्यांच्या पर्यटनाचें धोरण स्वीकारलें. मात्र आपल्याकडील हौशी मालकानें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, निर्मात्यानें नमूद केलेल्या तपशिलाशीं विसंगत असा बदल वाहनांत करतां येत नाहीं, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही हेंच बजावलें आहे. तेव्हां गाडी कापण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत चौकशी करणें इष्ट. आणि १९५१ सालच्या त्या जर्मन पेटीची, म्हणजे गाडीस धक्का न लावतां आंत ठेवावयाच्या व बाहेर काढावयाच्या बिऱ्हाडाची युक्तीही अभ्यासण्यासारखी आहे.

मोठ्या घरांत मनुष्य वस्तु सांठवितो व त्या कां ठेवल्या हें विसरून जातो. मोटारघरांत प्रत्येक वस्तूस आंत येण्यापूर्वीं आपली गरज सिद्ध करावी लागते, आणि हा निवाडा मालकावांचून दुसरा कोणी करूं शकत नाहीं. वार्डोंतील शेगडीची जागा जिनें प्रथम ठरविली त्या अज्ञात गृहिणीपासून आजच्या जपानी मालकापर्यंत हाच निवाडा चालत आला आहे. ज्यास हौसेनें हें बिऱ्हाड मांडतां येतें तो भाग्यवान. परंतु रस्त्याच्या कडेला दुसरें एखादें बिऱ्हाड नाइलाजानें उभें असेल तर त्यास हुसकून न देण्याइतकें औदार्य त्यानें दाखवावें. ज्या विद्येवर त्याची सुखाची झोंप अवलंबून आहे ती तशाच लोकांनीं त्यास दिलेली आहे.