पेढीकाठची वहिवाट

वसंतात नदीवर बोलावयास उभे राहावे आणि नदीत पाणी नसावे, हा वऱ्हाडातील वक्त्यांचा जुनाच योग आहे. वैशाखात वलगावच्या पुलावरून परतवाड्याकडे जाणाऱ्यास खाली नदी आहे याची आठवणही होत नाही. आमचेही तसेच होते. कोवळ्या वयात जिनात रेच्यावर कामास लागलो. भूगोल शिकलो तो पुढे, पाळी सुटल्यावर, वाचनालयात जिल्ह्याचे गॅझेटियर उघडून. त्यात आपल्या पेढीला जेमतेम चार ओळी आहेत. बाकीचे काठाने चालून गोळा करावे लागले.

पेढी मोर्शी तालुक्यात रिद्धपूरजवळ उगम पावते. तेथून पूर्वेकडे पडणारा पाऊस वर्धेत जातो आणि गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागरास मिळतो. पेढीचे पाणी मात्र वलगाव, भातकुलीच्या शिवारातून पूर्णेस, पूर्णेतून तापीस आणि अखेर अरबी समुद्रास जाते. रिद्धपूर ही गोविंदप्रभूंची भूमी. तेथेच तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मराठी गद्य आणि आमची ही ओढ्याएवढी नदी एकाच मुलखातून निघाली, याचा आम्हांस थोडा अभिमान वाटतो. तो क्षम्य मानावा.

रान म्हणजे डोंगरातलेच, असा शहरी समज असतो. पोहरा-मालखेडचे सागवान आम्ही पाहिले आहे. पण शेतकऱ्याचे रान नदीकाठी होते. इंग्रजी अमलात वऱ्हाडच्या जंगलखात्याने बाभूळबने आणि गवताचे रमणे मुद्दाम राखले होते. वखर, तिफन, गाडीचे चाक हे सारे बाभळीचे. शेळीला शेंगा तिच्याच आणि चुलीला काट्याही तिच्याच. 1853 च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून कंपनीच्या कारभाराखाली गेला. 1861 ते 65 या अमेरिकेतील यादवीच्या काळात तिकडचा कापूस थांबला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1867 पर्यंत आगगाडी नागपुरास पोहोचली. मग काळ्या मातीचा तुकडा पडीक ठेवणे हा मूर्खपणा ठरू लागला. गवताची जागा पऱ्हाटीने घेतली. त्याच कापसावर पुढे आमचे जिन-प्रेस उभे राहिले, तेव्हा आम्ही तक्रार कोणत्या तोंडाने करावी?

भातकुलीकडे नदी उतरते तसा खारपाणपट्टा लागतो. विहीर खणावी, पाणी लागावे, आणि ते तोंडात धरवू नये, अशी ही भूमी. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत ती पसरली आहे. म्हणून इकडे नदीच्या वाळूतला झिरा मोलाचा. उन्हाळ्यात बाया पहाटे वाटीवाटीने पाणी भरीत बसत. नदी आटली तरी काठच्या गावांना ती पाजत असे.

अमरावतीच्या वाटेवर असताना, 20 डिसेंबर 1956 रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला तो वलगावला, या पेढीपाशीच. ऋणमोचनला पूर्णेकाठी बाबांनी घाट बांधला होता; तिकडची जत्रा त्यांनी स्वतःच्या खराट्याने झाडली होती. नदी स्वच्छ ठेवणे हे त्यांना कीर्तनाइतकेच देवाचे काम वाटे. आज पुलाखाली डोकावून पाहिले तर प्लॅस्टिकच्या पिशव्या प्रथम दिसतात.

खाली निंभ्याजवळ निम्न पेढीचे धरण घेतले गेले. खारपाणपट्ट्याला गोडे पाणी मिळावे, याला कोण नाही म्हणेल? आम्ही तर म्हणणारच नाही. भारी चिकण मातीला निचरा मिळाला नाही तर पाण्यानेच क्षार वर येतात, एवढी सावधगिरी पाटकऱ्यांनी बाळगावी. पण अळणगाव, गोपगव्हाण, हातुर्णा यांसारखी गावे त्यासाठी उठावयाची ठरली, त्यांचा हिशेब निराळा आहे. जमिनीचा मोबदला सातबाऱ्यावरील नावाला मिळतो. सालदाराचे, वेचणीच्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नसते. तिची वहिवाट म्हणजे कोणाच्या वावरात किती वर्षे वेचले, कोणत्या धुऱ्यावर बाळाचा पाळणा टांगला, एवढीच. तलाठ्याच्या दप्तरात तिला रकाना नाही.

मजुरांच्या एका बैठकीत आम्ही कायदा समजावून सांगत होतो. अर्धा तास बोललो असू. मागे बसलेली एक म्हातारी उठली आणि म्हणाली, ‘‘घराचे पैसे भेटले जी भाऊ. पण वेचाले आता कोनाच्या वावरात जाऊ?’’ आमच्यापाशी कलमे होती, शासनाची परिपत्रके होती. आम्ही ती पुन्हा पिशवीत घातली आणि तिलाच आधी सारे सांगावयास बसविले.