डोंगरगावचा डायनासोर परत आणायचा तर…

पायाखाली लालसर, ओली चिकणमाती आहे. तुम्ही उभे आहात ती जागा पुढे चंद्रपूर जिल्ह्यात येणार आहे, पण आत्ता काळ आहे साधारण ६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा. हिमालय अजून उभा राहिलेला नाही. भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला, चहूबाजूंनी समुद्राने वेढलेला आहे.

समोर इसिसॉरस नावाचा डायनासोर चरतो आहे. उंच पुढचे पाय, जातभाईंच्या मानाने आखूड मान. याची हाडं डोंगरगावला सापडतील आणि १९९७ साली शास्त्रज्ञ त्याचं वर्णन प्रसिद्ध करतील. त्याच्या जातभाईने टाकलेलं शेण वाकून पाहा. पानांच्या चोथ्यात सिलिकाचे अतिसूक्ष्म कण आहेत. पिसदुरा गावाजवळ असे गोळे दगड होऊन राहतील, आणि २००५ साली वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग आणि सहकारी त्या कणांवरून भात-बांबूच्या कुळाशी नातं सांगणारं गवत ओळखतील. डायनासोर गवत खात होते, हे जगाला विदर्भातल्या या शेणाने कळणार आहे.

आता काळ पुढे पळू द्या. प्राणी मरतो, गाळाखाली जातो. हाडातल्या डीएनएच्या साखळ्या तुटू लागतात. न्यूझीलंडच्या नामशेष मोआ पक्ष्यांची हाडं तपासून शास्त्रज्ञांनी २०१२ साली हिशेब मांडला: त्या हाडांत दर ५२१ वर्षांनी निम्मे बंध तुटतात. हाड सतत शून्याखाली ५ अंशांवर राहिलं, तरी ६८ लाख वर्षांत एकही बंध शिल्लक राहत नाही. तुम्हाला जायचंय त्याच्या जवळपास दहापट पुढे, आणि इथे बर्फाचा पत्ता नाही. डोंगरगावच्या दगडात हाडाचा आकार उरतो. वारसा सांगणारा रेणू उरत नाही.

पण तुम्ही तर तिथे जाऊन आलात. समजा, येताना जिवंत पेशी द्रवरूप नायट्रोजनमध्ये जपून आणल्या. मग तरी जमेल?

३० जुलै २००३. स्पेनच्या आरागॉन प्रांतात शस्त्रक्रियेच्या टेबलावर एक शेळी आहे. तिच्या पोटात बुकार्डो या पिरेनीज पर्वतातल्या रानबकऱ्याचं पिल्लू आहे. शेवटची बुकार्डो मादी सेलिया २००० साली झाडाखाली सापडून मेली. तिच्या पेशी आधीच साठवलेल्या होत्या. त्यांपासून क्लोन केलेले गर्भ ५७ माद्यांमध्ये सोडले, सात गाभण राहिल्या, त्यातलं हे एकच जिवंत जन्मलं. पिल्लू बाहेर येतं, श्वासासाठी धडपडतं आणि काही मिनिटांत संपतं. फुप्फुसातच दोष होता. पेशी नीट जपलेल्या होत्या, गर्भ वाढवायला जवळच्या जातीची शेळी होती, तरीही हे असं झालं.

इसिसॉरसचा गर्भ वाढवायला कोण आहे? तो अंड्यातून येणार, आणि डॉली मेंढीच्या पद्धतीने आजवर एकही पक्षी क्लोन झालेला नाही. बलकाने भरलेल्या अंड्यात केंद्रक बदलणंच अतिशय अवघड. तेही साधलं असं धरा. पिल्लाच्या पोटातले जिवाणू कुठून येणार? कळप कुठला? एवढं अवाढव्य जनावर कुणाच्या मालकीचं, आणि आजारी पडलं तर कुणी बघायचं? कौतुक आपलं होईल, भोगायचं मात्र त्याने एकट्याने. ज्याला जगायला जागाच नाही असा जीव निव्वळ बघण्यासाठी घडवण्याचा हक्क आपल्याला नाही, असं मला ठाम वाटतं.

२०१५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी कोंबडीच्या गर्भात चोच घडवणारे संदेश रोखले. चोचीच्या जागी डायनासोर पूर्वजांसारखी हाडं तयार झाली. ती पिल्लं त्यांनी अंड्यातून बाहेर येऊ दिली नाहीत. प्रश्नाचं उत्तर मिळालं, जीवाला भोगायला लावलं नाही. विज्ञानाने कुठे थांबावं, याचा हा चांगला धडा आहे.

शेवटचा थांबा, आजचा: सोलापूरजवळचं नान्नज. पक्षी हे डायनासोरांचेच वंशज, हे आता पक्कं आहे. या माळरानावर त्या वंशातला एक मोठा पक्षी, माळढोक, एकेकाळी हमखास दिसायचा. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. माळरानं नांगरली गेली, विजेच्या तारांना धडकून पक्षी मेले. आता देशभरात उरलेत ते जेमतेम दीडशेच्या आसपास. २०२४ साली जैसलमेरच्या प्रजनन केंद्रात कृत्रिम रेतनातून माळढोकाचं पिल्लू जन्मलं. इथे विज्ञानाला काम आहे, कारण पेशी आहेत, आई आहे, आणि मनावर घेतलं तर माळरानही आहे. पुनरुज्जीवनासाठी जमवायचा पैसा आणि बुद्धी आधी तारा जमिनीखाली नेण्यात आणि माळ राखण्यात लागायला हवी. नाहीतर पुढच्या पिढीला माळढोकाच्याही पेशी नायट्रोजनमध्ये शोधाव्या लागतील, आणि जन्मलेल्या पक्ष्यांना परत सोडायला माळ नसेल.