उणे, अधिक आणि नेमके

अकरावी-बारावीला शंकुच्छेद शिकवताना लंबवर्तुळ, अन्वस्त आणि अपास्त हे तीन वक्र येतात. त्यांची ‘इलिप्स’, ‘पॅराबोला’ आणि ‘हायपरबोला’ ही नावेही विद्यार्थ्यांना पाठ असतात. पण त्या नावांचा अर्थ काय, हे सहसा कोणी विचारत नाही. मूळ ग्रीक शब्दांपैकी पहिल्याचा अर्थ कमी पडणे, दुसऱ्याचा शेजारी लावून बसवणे आणि तिसऱ्याचा पलीकडे जाणे. गंमत अशी, की यांतले ‘कमी’ आणि ‘अधिक’ सांगणारे दोन्ही शब्द ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रातही आहेत. तेथे ते भित्रेपणा आणि अविचारी धाडस यांच्याबद्दल बोलताना येतात.

आधी भूमिती पाहू. ग्रीकांची एक जुनी रचना होती : दिलेल्या रेषाखंडावर दिलेल्या क्षेत्रफळाचा आयत बसवायचा. आयत पूर्ण रेषाखंडावर नेमका बसला, तर ठीक. रेषाखंडाचा काही भाग मोकळा राहिला, तर आयत ‘उणा’. टोकाबाहेर गेला, तर ‘अधिक’. युक्लिडच्या ग्रंथाच्या सहाव्या भागात या रचना दिलेल्या आहेत. इ. स. पू. २०० च्या सुमारास पर्गाच्या अपोलोनियसने हीच भाषा शंकुच्छेदांना लावली. एक उदाहरण घेऊ. नाभिलंब ४ एकक आहे. अक्षावर शिरोबिंदूपासून २ एकक अंतरावर वक्रापर्यंत लंब काढला. नाभिलंब आणि हे अंतर यांच्या आयताचे क्षेत्रफळ ८. लंबाचा वर्गही ८ असेल, तर वक्र अन्वस्त; ८ पेक्षा कमी असेल, तर लंबवर्तुळ; अधिक असेल, तर अपास्त. ७.९९ झाला तरी तो अन्वस्त नव्हे. उणे पडण्याचे आणि अधिक होण्याचे प्रकार अगणित, नेमके बसण्याचा मात्र एकच.

पण हे दोन्ही शब्द काही भूमितीपुरते नव्हते. हिप्पोक्रेटिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथांपैकी एकात म्हटले आहे, की शरीरातील द्रव्ये परस्परांशी योग्य प्रमाणात मिसळलेली असली म्हणजे आरोग्य. एखादे उणे किंवा अधिक झाले, की दुखणे. याच संग्रहातला दुसरा ग्रंथ अन्नाचा विचार करतो. अति खाण्याने माणूस आजारी पडतो, तसा कमी खाण्यानेही पडतो. मग योग्य माप कोणते? या ग्रंथाच्या लेखकाचे उत्तर असे, की त्यासाठी आकडा किंवा वजन नाही. शरीराला काय जाणवते, हेच माप. आपली ‘अति तेथे माती’ ही म्हण एकाच बाजूचा धोका सांगते. ग्रीक वैद्यांनी दोन्ही बाजूंचे धोके एकाच मापाने तोलून पाहिले.

या मापाचा तात्त्विक विचार प्लेटोने ‘राजधुरंधर’ या संवादात केला. मोजणे दोन प्रकारचे असते, असे तो म्हणतो. पहिल्या प्रकारात आपण दोन गोष्टींची एकमेकींशी तुलना करतो. ६ हे ४ पेक्षा अधिक आणि ८ पेक्षा कमी, एवढेच त्यातून कळते. दुसऱ्या प्रकारात आपण वस्तू योग्य प्रमाणाशी ताडून पाहतो. हा दुसरा प्रकार नसेल, तर विणकामापासून राज्यकारभारापर्यंत कोणतीही कला उरणार नाही, असे प्लेटोचे म्हणणे आहे.

ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) हा वैद्याचा मुलगा आणि प्लेटोचा शिष्य. सद्गुण म्हणजे अतिरेक आणि उणीव यांच्यामधली स्थिती, हे त्याचे मत प्रसिद्ध आहे. पण ते बहुधा ‘सरासरी’ म्हणून सांगितले जाते, आणि येथेच चूक होते. त्याचे स्वतःचे उदाहरण पाहा. अन्नाचे १० मिना फार आणि २ मिना कमी असतील, तर अंकगणितात मध्य ६ येतो. (एक मिना म्हणजे सुमारे ४३० ग्रॅम.) परंतु तालीम देणारा प्रत्येकाला ६ मिना खायला सांगणार नाही. मिलोसारख्या नामांकित मल्लाला ते कमी पडतील आणि नवशिक्याला जड होतील. शिवाय हा मध्य दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर असतोच असे नाही. शौर्य भित्रेपणापेक्षा धाडसाला जवळचे. चोरी किंवा खून यांना तर मध्यच नाही. बेताची चोरी चांगली, असे कोणी म्हणू शकत नाही.

म्हणजे ‘थोडे इकडचे, थोडे तिकडचे’ असा हा मार्ग नव्हे. त्याच वेळी ‘ज्याला जे वाटेल ते योग्य’ असाही नव्हे. मल्लाचा आहार त्याच्या मर्जीवर ठरत नाही. शरीर, सराव आणि अनुभव जाणणारा तो ठरवतो. चुकण्याच्या वाटा अनेक आणि बरोबर येण्याची एकच, असे ॲरिस्टॉटलही म्हणतो, आणि त्या संदर्भात पायथागोरसच्या अनुयायांचे नाव घेतो. वर्तुळाचा मध्य सापडवणे जसे जाणकाराचे काम, तसेच हेही.

फरक आहे तो अचूकतेचा. अपोलोनियसचा आयत आधीच दिलेला असतो; आहाराचे किंवा रागाचे माप प्रत्येक वेळी शोधावे लागते. सुतार आणि भूमितिज्ञ दोघेही काटकोनच शोधतात, पण सुताराला त्याच्या कामापुरता काटकोन पुरतो, असे ॲरिस्टॉटल बजावतो. प्रत्येक विषयात त्या विषयाला झेपेल तेवढीच अचूकता मागावी.

शिक्षकांना ही गोष्ट परकी वाटू नये. वर्गाची सरासरी ६० गुण आहे म्हणून गृहपाठही ‘६० वाल्या’ विद्यार्थ्याला बेतून दिला, तर तो कदाचित कोणालाच बेताचा होत नाही. सरासरी वर्गाबद्दल सांगते. समोरच्या मुलाला किती पुरे आणि किती फार, हे त्या मुलाकडे पाहूनच कळते. पुढच्या वेळी फळ्यावर लंबवर्तुळ, अन्वस्त आणि अपास्त काढताना त्यांच्या नावांचे अर्थही जरूर सांगा. मुले विचारतील, ‘कशाच्या मानाने कमी? कशाच्या मानाने अधिक?’ हाच प्रश्न ग्रीकांनी विचारला होता.