यादवाडचा दगड

धारवाडजवळच्या यादवाड गावात, मारुतीच्या देवळापाशी, शिवाजी महाराजांचे एक दगडी शिल्प आहे. वर महाराज घोड्यावर, सशस्त्र. खाली बसलेले, मांडीवर मूल, हातात दुधाची वाटी. मूल बेलवडीच्या देसायांचे, आणि दगड उभारला तो त्याच्या आईने, मल्लम्मा देसाईणीने, अशी तिथली परंपरा. जिंकलेल्याने हरलेल्याच्या मुलखात आपले स्मारक उभारावे, ही जगाची रीत. इथे सगळे उलटे आहे, म्हणून कुळकथा शोधावीशी वाटते.

1678 चा आरंभ. महाराज दक्षिणेच्या मोहिमेवरून परतत होते. बेलवडी आज बेळगाव जिल्ह्यात, बैलहोंगलच्या बाजूला. तिथल्या लोकांनी लष्कराच्या रसदीचे बैल पळवले आणि गढीला वेढा पडला. जिंजी-वेल्लोर पाहिलेल्या फौजेला ती गढी किती दिवस पुरणार? सत्तावीस दिवस पुरली! राजापूरच्या इंग्रज वखारवाल्यांनी त्या फेब्रुवारीतल्या पत्रात जवळजवळ मिटक्या मारत लिहिले, की मोगलांपुढे किंवा दक्षिणी पातशाह्यांपुढे झाली नाही एवढी शिवाजीची नाचक्की एका देसाईणीपुढे होते आहे. वखारवाल्यांचा आकस सोडून दिला तरी वेढा लांबला होता हे खरेच.

मराठी साधनांत ही बाई सावित्रीबाई. कन्नड मुलखात ती मल्लम्मा. नवरा लढाईत पडल्यावर घोड्यावर बसलेली, आणि तिच्यामागे तिने स्वतः तयार केलेली बायकांची फौज. या फौजेची आठवण कन्नड लोकांनीच जपली. आपल्याकडे बेलवडी म्हणजे मोहिमेच्या शेवटचे एक खटले, एवढेच.

तारीखे शिवाजी ही फारसी बखर आणखी कडू गोष्ट सांगते. गढी पडल्यावर सखूजी गायकवाडाने देसाईणीची विटंबना केली. महाराजांनी त्याचे डोळे काढवून त्याला मनोळीला कैदेत टाकले. यादवाडच्या वाटीचा अर्थ मला या गोष्टीशेजारी ठेवल्यावरच लागतो.

वीराचा दगड उभारणे कर्नाटकाला नवे नव्हते. वीरगळ गावोगाव आहेत: खाली लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर कैलास. पण तो मान मेलेल्याचा. यादवाडला कैलासाच्या जागी स्वार आहे आणि लढाईच्या जागी दूध पाजणे.

ब्राँझ फार पुढे आले. 1921 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सने पुण्यात दोन कोनशिला बसवल्या, एक पहिल्या महायुद्धातल्या मराठा सैनिकांच्या स्मारकाची, दुसरी शिवस्मारकाची. त्या दुसऱ्या जागी 1928 साली नानासाहेब करमरकरांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला आणि चौकाचौकांतले महाराज घोड्यावर बसले ते बसलेच. पुतळा अप्रतिम आहे, वाद नाही. पण बेलवडीच्या त्या बायकांना कुणी कधी ब्राँझमध्ये ओतायला निघाले, तर त्याने पुण्याआधी यादवाडला जावे.