कातड्याने मोजलेली जमीन



राज्यांचा इतिहास दफ्तरांत सापडतो; जमिनीचा इतिहास मात्र त्या जमिनीवर जाऊन राहिल्यावाचून हाती लागत नाही. आज पालघर जिल्ह्यात मोडणाऱ्या जव्हार-मोखाड्याच्या पठाराच्या आधारे हे विधान मी आपणांपुढे मांडणार आहे. जव्हार शहर समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फुटांवर आहे. या तालुक्यातील जामसरसारख्या गावी, माळावर तंबू ठोकून चार दिवस मुक्काम करणाऱ्या अभ्यासकाला पहिला प्रश्न पडतो तो हा की, ही जमीन मुळात कोणाची?

पहिले उत्तर दंतकथेचे आहे. जयाबा मुकणे हा महादेव कोळी नायक जव्हारला आला आणि तेथील वारली नायकाकडे त्याने बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. होकार मिळताच त्याने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, त्या एकमेकींना जोडल्या आणि वारल्याचा सारा मुलूख वेढून घेतला. पुढे त्याच वारल्याला त्याने गंभीरगड व आसपासचा प्रदेश दिला. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात ही कथा नोंदलेली आहे.

हीच कथा कार्थेज वसविणाऱ्या डायडो राणीविषयी भूमध्य समुद्राच्या काठीही सांगतात. तेव्हा जव्हारला कोणी खरोखर कातडे कापले, असे मानावयाचे कारण नाही. मग ही कथा टाकून द्यावी काय? मुळीच नाही. राजघराण्याच्या उदयाची ही कथा नकळत दोन गोष्टी कबूल करते: जमिनीला आधीचा धनी होता, आणि त्याच्याकडून ती युक्तीने घेतली गेली. सांगणाऱ्याच्या हिताविरुद्ध जाणारी साक्ष अधिक भरवशाची, हा न्यायालयाचा नियम इतिहासालाही लागू पडतो.

यापुढचा राजकीय इतिहास थोडक्यात सांगतो. जयाबाचा पुत्र निमशहा यास दिल्लीच्या सुलतानाची मान्यता मिळाली आणि ५ जून १३४३ या दिवसापासून जव्हारने आपला स्वतंत्र शक चालविला. १६७२ साली मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतले. अठराव्या शतकात पेशव्यांनी संस्थानाचा बराच मुलूख काढून घेतला. १९४८ साली संस्थान विलीन झाले. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीच्या वेळी शिवाजी महाराजांचा मुक्काम जव्हारजवळ पडला, त्यांना शिरपेच अर्पण झाला, म्हणून त्या माळाला शिरपामाळ म्हणतात, अशी तेथील परंपरा आहे. एका मुक्कामाची आठवण माळाच्या नावाने साडेतीनशे वर्षे जपली, हे ध्यानात ठेवावे.

कारण पठारावरील कष्टकऱ्यांचा इतिहास असाच, कागदावाचून जपला गेला आहे. आपण येथे वसंतातली व्याख्याने ऐकतो, तेव्हा तिकडे राब भाजण्याचे दिवस असतात. पालापाचोळा, झाडांच्या फांद्या आणि शेण पसरून जाळावयाचे, आणि पाऊस पडताच त्या राखेत भात, नाचणी, वरई यांची रोपे धरावयाची. शेणावाचून राब नाही आणि रानातल्या चराईवाचून शेण नाही. म्हणजे शेत, गोठा आणि रान मिळून एकच संसार. त्या गुरांना वाघाने राखावे म्हणून वाघदेवाची स्थापना आणि वाघबारशीची पूजा. दंतकथेत मेलेल्या बैलाच्या कातड्याने जमीन मोजली. प्रत्यक्षात ती पिढ्यान्‌पिढ्या जिवंत गुरांच्या खुरांनी मोजली गेली.

पण खुरांच्या वाटेची नोंद कोणत्या दफ्तरात होणार? नोंद झाली ती कर्जाची. पावसाळ्यात पोटासाठी घेतलेली खावटी आणि लग्नासाठी काढलेले कर्ज यांपायी ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी भागात माणसे ‘लग्नगडी’ होऊन सावकाराकडे राबली. वेठबिगारीविरुद्धचा कायदा आला तो १९७६ साली. सावकाराची वही हे त्या मुलुखाभोवती फिरलेले दुसरे कातडेच होते.

आज या मौखिक इतिहासाला नवे मोल आले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानातल्या कसणुकीबरोबर चराईचाही हक्क मानला. आणि २००८ च्या नियमांनी जुनी घरे, बांध, विहिरी, दफनभूमी, देवस्थाने आणि वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले जबाब हेही पुरावे ठरविले. ज्या आठवणीला आपण गावगप्पा म्हणत होतो, तिच्यावर आता एखाद्या घराची चार एकर जमीन राहते किंवा जाते.

म्हणून इतिहासाची आवड असलेल्या तरुणांना माझी विनंती आहे. सुटीत धबधबे पाहावयास जव्हारला जालच, तर दोन दिवस अधिक राहा. गावाची परवानगी घेऊन माळावर उतरा. कोणत्या ओहळाला काय म्हणतात, वाघदेव कोठे आहे, गुरे कोणत्या वाटेने चढत, हे म्हाताऱ्यांना विचारा. ते सांगतील तसे, त्यांच्याच शब्दांत उतरून घ्या आणि त्याची एक प्रत गावापाशी ठेवा. सनदा शे-दोनशे वर्षे टिकतात. सांगणारा माणूस तेवढा थांबत नाही.