नेटफ्लिक्सचे स्थलांतर
ऑगस्ट 2008 मध्ये नेटफ्लिक्सचा डेटाबेस बिघडला आणि तीन दिवस ग्राहकांना डीव्हीडी पाठवणे बंद पडले. कंपनीने अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर जायचे ठरवले. पण जुनी प्रणाली जशीच्या तशी उचलली असती, तर तिची दुखणीही सोबत गेली असती. म्हणून तो एकसंध डोलारा मोडून शेकडो छोट्या, स्वतंत्र सेवा लिहिल्या गेल्या. यातली मजेशीर निर्मिती ‘केऑस मंकी’: बिघाड झाला तरी सेवा टिकावी म्हणून हा प्रोग्रॅम चालते सर्व्हर मुद्दाम बंद पाडी, तेही कामाच्या वेळेत, इंजिनिअर जागेवर असताना. तरीही 24 डिसेंबर 2012 रोजी अ‍ॅमेझॉनची भारवाटप यंत्रणाच कोलमडली आणि ऐन नाताळच्या तोंडावर नेटफ्लिक्सचे स्ट्रीमिंग थांबून अनेकांचे पडदे कोरे राहिले. स्थलांतर जानेवारी 2016 मध्ये, सात वर्षांनी पुरे झाले. बिलिंगचे किचकट काम अगदी शेवटच्या टप्प्यात हलले.